रोजच्या रस्त्यावर किती हॉर्सपॉवर पुरे आणि किती जास्त: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोडक्यात सांगायचे तर रोजच्या गाडीत किती हॉर्सपॉवर जास्त समजावी?

गाडीचे वजन, तिला ओढणारी चाके आणि तिचे टायर यांचा विचार न करता दिलेला कोणताही आकडा अपुराच असतो. तरीही एक आकडा हवाच असेल, तर साधारण दीड टन वजनाच्या आणि दोनच चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीत १५० ते २०० हॉर्सपॉवरमध्ये रोजची सगळी कामे, भरलेल्या गाडीने घाट चढण्यापासून महामार्गावर ट्रक ओलांडण्यापर्यंत, निवांत होतात. ३०० च्या आसपास ती शक्ती पूर्णपणे वापरण्याची संधी क्वचित मिळते आणि ४०० च्या पुढची शक्ती सामान्य रस्त्यावर बहुतांशी कागदावरच राहते. येथे वापरलेली कसोटी साधी आहे: ताशी ५० किलोमीटर वेगावरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि तो चार-पाच सेकंद तसाच धरला, तर तेवढ्यात चाके जागच्या जागी फिरू नयेत आणि गाडी महामार्गाच्या वेगमर्यादेबाहेरही जाऊ नये. कोरड्या रस्त्यावरही ज्या गाडीत हे जमत नाही, तिची वरची शक्ती चालकाच्या उपयोगाची नसते.

हॉर्सपॉवर म्हणजे नेमके काय, आणि दोन पत्रकांतील आकडे सारखेच धरावेत का?

हॉर्सपॉवर हे काम करण्याच्या दराचे माप आहे. जेम्स वॉट यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात घोड्याच्या कामाशी तुलना करून ते रूढ केले आणि आज त्याची किंमत सुमारे ७४५.७ वॉट धरली जाते. मेट्रिक हॉर्सपॉवर थोडी लहान आहे: ७५ किलोचे ओझे एका सेकंदात एक मीटर उचलण्याइतकी, म्हणजे सुमारे ७३५.५ वॉट. या दोहोंतील फरक दीड टक्क्याहूनही कमी असल्यामुळे तो सोडून दिला तरी चालेल. पुढील सर्व हिशेब मेट्रिक हॉर्सपॉवरमध्ये केले आहेत.

खरी फसगत दुसरीकडे होते. अमेरिकी कंपन्या १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत शक्तीचा आकडा असा देत की इंजिन गाडीबाहेर, अल्टरनेटर, एअर फिल्टर आणि गाडीचा खरा सायलेन्सर न लावता मोजलेले असे. १९७२ च्या सुमारास त्यांनी गाडीत बसवलेल्या अवस्थेतील शक्ती देण्यास सुरुवात केली आणि तेच इंजिन कागदावर एकदम अशक्त दिसू लागले. म्हणून जुन्या गाड्यांच्या चारशे हॉर्सपॉवरच्या कथा ऐकताना थोडे सावध असावे. शिवाय इंजिनवर मोजलेली शक्ती आणि चाकांपर्यंत पोहोचलेली शक्ती यांतही फरक असतो. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि बेअरिंग यांत साधारण १५ टक्के शक्ती खर्च होते असे धरण्याची पद्धत आहे. डायनोवर (चाकांवरची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) कमी आकडा दिसला म्हणून विक्रेत्याने फसवले असे लगेच मानू नये.

एकसारख्या वेगाने जाताना प्रत्यक्षात किती शक्ती लागते?

बहुतेकांच्या अंदाजापेक्षा फारच कमी. दीड टन वजनाची आणि हवेला बेताचाच अडथळा करणारी सेडान सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाने चालत असेल, तर टायरचा रोध आणि हवेचा रोध मिळून चाकांवर जेमतेम ४ हॉर्सपॉवर लागते. ताशी १०० ला तो आकडा सुमारे १७ होतो आणि ताशी १३० ला सुमारे ३२. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती घनाने वाढते, त्यामुळे वरच्या वेगाला हा आकडा झपाट्याने चढतो.

२००५ साली बाजारात आलेली बुगाटी वेरॉन १००१ हॉर्सपॉवरची होती. पण ताशी १०० ने सरळ जाताना तिलाही यातील दोन-तीन टक्के शक्तीच पुरत असणार. बाकीची शक्ती वेग वाढवण्यासाठी, चढासाठी किंवा अतिवेगासाठी राखीव असते, आणि यांपैकी तिसऱ्या कारणाला सार्वजनिक रस्त्यावर जागा नाही.

मग साठ-सत्तर हॉर्सपॉवरची गाडीही पुरेशी म्हणावी का?

शहरापुरती, हलक्या गाडीत, होय. १९०८ ची फोर्ड मॉडेल टी अवघ्या २० हॉर्सपॉवरची होती आणि तिने लाखो लोकांची रोजची ये-जा केली. परंतु आजची गाडी जड आहे आणि तिच्याभोवतीची वाहतूक वेगवान आहे. सहा टक्क्यांच्या चढावर ताशी १०० चा वेग राखायचा असेल, तर आधीच्या १७ मध्ये केवळ चढासाठी आणखी ३३ हॉर्सपॉवरची भर पडते. त्यात पाच माणसे, सामान आणि एअर कंडिशनर आले. उंचावरच्या प्रदेशात विरळ हवेमुळे टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारे यंत्र) नसलेले इंजिन दर हजार मीटरमागे सुमारे दहा टक्के शक्ती गमावते. एवढे धरल्यावर साठ-सत्तरचे इंजिन ओरडू लागते आणि वेगवान वाहतुकीत शिरताना चालकाला हिशेब करावा लागतो. कमी शक्तीतही धोका असतो. जास्त शक्तीवर बोलताना ही बाजू हमखास विसरली जाते.

जास्त हॉर्सपॉवरमुळे ओव्हरटेक सुरक्षित होते, हे कितपत खरे आहे?

एका मर्यादेपर्यंत पूर्ण खरे आहे, आणि ती मर्यादा कोठे येते हे पाहण्यासाठी आकडे मांडणे उपयोगी ठरते. दीड टनाच्या गाडीचा वेग ताशी ८० वरून १२० करण्यासाठी सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा लागते. गिअरबॉक्समधील घट आणि हवेचा रोध वजा करून, इंजिन सतत आपल्या सर्वोच्च शक्तीवर चालले आहे असे मानले, तर १०० हॉर्सपॉवरच्या गाडीला या कामासाठी सुमारे दहा सेकंद लागतात, २०० च्या गाडीला चार, ४०० च्या गाडीला दोन आणि ८०० च्या गाडीला एक. प्रत्यक्षात गिअर बदलण्यात वेळ जातो आणि इंजिन सर्वोच्च शक्ती देणाऱ्या फेऱ्यांवर (मिनिटाला फिरण्याच्या संख्येवर) सतत राहत नाही, म्हणून खरे आकडे थोडे मोठे येतात. पण त्यांचे परस्परांतील प्रमाण जवळपास असेच राहते.

पहिल्या शंभर जादा हॉर्सपॉवरने सहा सेकंद वाचवले. समोरून वाहन येत असताना चुकीच्या बाजूला सहा सेकंद कमी राहणे ही मोठी गोष्ट आहे, कारण तेवढ्या वेळात दोन्ही वाहने मिळून तीनशे मीटरहून अधिक अंतर कापतात. पुढच्या दोनशेने दोन सेकंद वाचवले आणि त्यापुढच्या चारशेने एकच, तोही कागदावर. समोरचा रस्ता पाहून निर्णय घेण्यात माणूस एवढा वेळ सहज घालवतो. त्यामुळे ‘सुरक्षिततेसाठी’ पाचशे हॉर्सपॉवर घेतली, हे कारण फारसे टिकत नाही. हौस म्हणून घेतली असे सांगितले तर त्यावर आक्षेप घेण्याचे कारण नाही.

एवढी शक्ती टायर रस्त्यावर उतरवू शकतात का?

या विषयाचे मर्म येथे आहे. इंजिन कितीही मोठे असले तरी गाडी पुढे ढकलली जाते ती टायर रस्त्याला टेकतात त्या हाताच्या तळव्याएवढ्या चार ठशांमधून, आणि त्यांतील दोनच ठशांना शक्ती मिळत असेल तर मर्यादा फार लवकर येते. मागची चाके ओढणारी दीड टनाची गाडी घ्या. वेग घेताना तिचे जवळपास ५५ टक्के वजन मागच्या चाकांवर असते असे धरू, आणि कोरड्या डांबरावर चांगल्या टायरचा घर्षणांक, म्हणजे त्यावरच्या वजनाच्या मानाने मिळणारी पकड, ०.९ धरू. ताशी ५० ला या चाकांना १३७ च्या आसपास हॉर्सपॉवर पेलते. त्याहून जास्त दिली तर चाके जागच्या जागी फिरू लागतात. ताशी ८० ला हीच मर्यादा सुमारे २२० आणि ताशी १०० ला सुमारे २७५ होते, कारण ढकलण्याचा जोर तेवढाच राहतो आणि वेगाबरोबर शक्ती वाढते.

आता पाऊस पडला आणि घर्षणांक ०.५ वर आला असे समजा. ताशी ५० ची मर्यादा ७६ हॉर्सपॉवरवर उतरते. चारशे हॉर्सपॉवरच्या गाडीत हा आकडा पाव पेडललाही ओलांडला जाऊ शकतो, आणि तो वळणावर ओलांडला गेला तर मागचा भाग बाहेर सरकतो, कारण वळण घेण्यासाठी आणि पुढे ढकलण्यासाठी टायरकडे पकड एकच असते आणि ती दोन्ही कामांत वाटली जाते.

पुढच्या चाकांच्या ओढीवर चालणाऱ्या गाडीत परिस्थिती थोडी वेगळी आहे. वेग घेताना वजन मागे सरकते आणि ओढणारी चाकेच हलकी होतात, त्यामुळे मर्यादा आणखी खाली येते. शिवाय जोरात वेग घेताना स्टीअरिंग एका बाजूला खेचले जाते. मात्र घसरण पुढच्या बाजूने होत असल्यामुळे पेडलवरचा पाय काढला की बहुतेक वेळा गाडी सावरते. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत ताशी ५० ची मर्यादा २५० पर्यंत जाते, आणि मोठ्या हॉर्सपॉवरच्या गाड्या बहुधा अशाच का बनवल्या जातात याचे उत्तर यात आहे. पण चारचाकी ओढीने थांबण्याची किंवा वळण्याची पकड वाढत नाही. ओल्या रस्त्यावर अशी गाडी इतकी सहज वेग घेते की रस्ता निसरडा आहे हे चालकाला ब्रेक लावेपर्यंत कळतच नाही.

टायर बदलून हा प्रश्न सुटतो का?

बराचसा सुटतो, पूर्णपणे नाही. चांगल्या रबराचा टायर नक्कीच फरक पाडतो. परंतु फार मऊ रबराचा टायर लवकर झिजतो आणि थंडीत कडक होतो, तर रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगू लागतो. रोजच्या गाडीत नक्षी पुरेशी खोल असलेला दर्जेदार टायर असणे हे पन्नास जादा हॉर्सपॉवरपेक्षा अधिक मोलाचे आहे.

हॉर्सपॉवर पाहावी की वजनाच्या प्रमाणातील शक्ती?

वजनाच्या प्रमाणातील शक्ती, निःसंशय. १९८९ ची पहिली माझदा एमएक्स-५ सुमारे ११५ हॉर्सपॉवरची होती आणि तिचे वजन एक टनापेक्षा कमी होते. तेवढीच शक्ती सव्वादोन टनांच्या एसयूव्हीत असती तर ती प्रत्येक चढाला धापा टाकत चढली असती. कायदे करणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांत नवशिक्या चालकांना प्रतिटन १३० किलोवॉटहून अधिक शक्तीची गाडी सहसा चालवता येत नाही. हे प्रमाण टनामागे सुमारे १७७ हॉर्सपॉवर होते. युरोपात मोटरसायकलच्या मधल्या श्रेणीच्या परवान्याला ३५ किलोवॉटची मर्यादा आहे आणि त्यासोबत किलोमागे ०.२ किलोवॉटची अटही आहे.

आमच्या मते टनामागे ७० ते १३० हॉर्सपॉवर हा रोजच्या वापराचा सुखाचा पट्टा आहे. २०० च्या पुढे दोन चाकांच्या ओढीची गाडी चालकाकडून सतत लक्ष मागते. ३०० च्या पुढची गाडी रोज चालवता येत नाही असे नाही. ती चालवताना बहुतेक वेळ तिला आवरण्यातच जातो.

हॉर्सपॉवरपेक्षा टॉर्क महत्त्वाचा असे म्हणतात, ते बरोबर आहे का?

दोन्ही एकाच हिशेबाची अंगे आहेत: टॉर्कला, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराला, फेऱ्यांनी गुणले की शक्ती मिळते. रोजच्या रस्त्यावर महत्त्वाचे असते ते हे की मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांपासून गाडीला किती पिकअप मिळतो आणि तो किती एकसारखा येतो. दोन गाड्या तीनशे हॉर्सपॉवरच्या असूनही एक गाय आणि दुसरी वाघ असू शकते. १९७५ ची पोर्शे ९११ टर्बो २६० हॉर्सपॉवरची होती, म्हणजे आजच्या मानाने बेताचीच. पण तिचा टर्बो काही काळ स्वस्थ राहून मग एकदम जागा होत असे. ही वाढ वळणाच्या मध्यावर आली आणि घाबरून चालकाने पाय काढला, की मागे इंजिन असलेली ती गाडी गिरकी घेण्याची शक्यता असे. तिची धोकादायक म्हणून झालेली ख्याती आकड्यापेक्षा शक्ती पोहोचवण्याच्या त्या रीतीमुळे होती. आजच्या टर्बो इंजिनांत ही उशिराने येणारी उसळी पुष्कळ कमी झाली आहे.

स्थिरता नियंत्रण आणि ट्रॅक्शन कंट्रोल (वेग घेताना चाके जागच्या जागी फिरू न देणारी सोय) असताना काळजी कशाला?

ही साधने उत्तम आहेत आणि ती बंद करून रस्त्यावर फिरण्याचे कोणतेही समर्थन होऊ शकत नाही. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात २०१४ च्या अखेरीपासून सर्व नव्या मोटारींत इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण सक्तीचे झाले. ते एकेका चाकाला ब्रेक लावून आणि इंजिनची शक्ती कमी करून गाडी चालकाने धरलेल्या दिशेला आणते. पण असलेल्या पकडीचा नीट वापर करणे एवढेच त्याच्या हातात असते; नवी पकड त्याला निर्माण करता येत नाही. वळणात शिरतानाच वेग जास्त असेल तर संगणक हतबल असतो. डॅशबोर्डवरचा या साधनांचा पिवळा दिवा रोजच्या प्रवासात वारंवार लुकलुकत असेल, तर उजवा पाय रस्त्यापेक्षा जास्त मागतो आहे असे समजावे.

इलेक्ट्रिक गाड्यांना हेच नियम लागू आहेत का?

टायरचे नियम तेच आहेत. बाकी चित्र पुष्कळ बदलते. मोटर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण टॉर्क देते, गिअर बदलावे लागत नाहीत आणि आवाजही चढत नाही, त्यामुळे वेग किती वाढला हे कानाला कळत नाही. टेस्ला मॉडेल एस प्लेडसारखी हजाराहून अधिक हॉर्सपॉवरची कुटुंबाची गाडी आज अस्तित्वात आहे आणि ती गर्दीत शांतपणे चालवता येते, हे तिच्या नियंत्रणप्रणालीचे यश आहे. मोटरचा टॉर्क काही मिलिसेकंदांत कमी-जास्त करता येतो, इतक्या बारकाईने पेट्रोल इंजिनला आवरणे अवघड आहे. परंतु पेडल चुकून पूर्ण दाबले गेले तर सावरायला वेळ उरत नाही. वाहनतळासारख्या अरुंद जागी ही बाब गंभीर ठरते. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत पेडलचा प्रतिसाद सौम्य करण्याची सोय असते. रोजच्या वापरात ती लावून ठेवावी.

ब्रेक शक्तीच्या मानाने पुरेसे असतात का?

एका थांब्यापुरते, नेहमीच. साधी दीड टनाची गाडी ताशी १०० वरून ४० मीटरमध्ये थांबते तेव्हा तिचे ब्रेक त्या सुमारे तीन सेकंदांत सरासरी २७० हॉर्सपॉवरच्या दराने ऊर्जा उष्णतेत बदलतात; म्हणजे बहुतेक गाड्यांचे ब्रेक त्यांच्या इंजिनपेक्षा बलवान असतात. अडचण पुनरावृत्तीची आहे. ताशी १४० ला गाडीत असलेली ऊर्जा ताशी १०० च्या जवळपास दुप्पट असते, आणि शक्तिमान गाडी दोन वळणांच्या मध्ये तेथवर सहज पोहोचते. उतारावर असे पाच-सहा वेळा झाले की डिस्क तापतात, पॅडची पकड सुटू लागते आणि ब्रेक ऑइल जुने असेल तर पेडल मऊ पडते. कारखान्यातून मोठ्या इंजिनसह आलेल्या गाडीत ब्रेकही मोठे असतात. नंतर शक्ती वाढवलेल्या गाडीत ते जुनेच राहतात, आणि हा फरक अनेकांच्या ध्यानात येत नाही.

जास्त हॉर्सपॉवर म्हणजे जास्त इंधन, हे अटळ आहे का?

बहुधा होय, पण लोक समजतात तेवढे नाही. पेट्रोल इंजिन अगदी कमी भारावर अकार्यक्षम असते, कारण अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढण्यात त्याची शक्ती वाया जाते. चारशे हॉर्सपॉवरच्या इंजिनाकडून ताशी १०० साठी लागणारी सतराच मागितली की तेच होते. लहान टर्बो इंजिन हा तोटा काही प्रमाणात भरून काढते. उरलेला फरक गाडीचे वजन, टायरची रुंदी आणि चालकाचा पाय यांतून येतो.

आहे त्याच गाडीची शक्ती वाढवावी का?

टर्बो इंजिनात केवळ ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रीमॅप करून, म्हणजे त्याची आज्ञावली बदलून, पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक शक्ती मिळू शकते, आणि काम जाणकाराने केले असेल तर गाडी रोजच्या वापराची राहते. तरीही गिअरबॉक्स, क्लच आणि कूलिंग त्या जादा टॉर्कसाठी बनलेले आहेत का, हे आधी तपासावे लागते. क्लच घसरू लागणे ही बहुधा पहिली तक्रार असते. टर्बो नसलेल्या इंजिनात रीमॅपने फारसे काही हाती लागत नाही.

त्यापुढची पायरी चढली की रोजच्या वापराचे गणित बिघडते. मोठा टर्बो खालच्या फेऱ्यांवर झोपलेला राहतो. तीव्र कॅमशाफ्टमुळे (झडपा उघडणाऱ्या दांड्यामुळे) गाडी उभी असताना इंजिन थरथरते आणि ब्रेकच्या बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला) लागणारी निर्वात पोकळी कमी पडू शकते. कडक क्लच वाहतूक कोंडीत पाय दुखवतो. कमी ऑक्टेनचे पेट्रोल मिळाले तर नॉकिंगचा (इंधन नको त्या वेळी पेटून इंजिनात ठोके बसण्याचा) धोका वाढतो. वॉरंटी, विमा आणि धुराचे नियम हे प्रश्न वेगळेच, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दावा अडकवू शकतो. पाचशे हॉर्सपॉवरची घरी बनवलेली गाडी रविवारी आनंद देते. सोमवारी सकाळी थंड इंजिनावर ती त्रास देते.

मोटरसायकलच्या बाबतीत काय?

तेथे टायरच्या आधी पुढचे चाक उचलले जाणे ही मर्यादा येते. दोनशे किलोची मोटरसायकल आणि ऐंशी किलोचा चालक धरला, तर ताशी १०० ला मागच्या चाकावर सुमारे शंभर हॉर्सपॉवर गेली की पुढचे चाक हलके होऊन उठू लागते. दोनशे हॉर्सपॉवरच्या एक लिटर इंजिनांच्या मोटरसायकलींची अर्धी शक्ती त्या वेगाला त्यामुळेच निरुपयोगी ठरते आणि त्यांची इलेक्ट्रॉनिक्स ती मुद्दाम दाबून ठेवते. रोजच्या वापरासाठी ५० ते ७० हॉर्सपॉवरच्या मोटरसायकलीत काही कमी आहे असे वाटत नाही.

गाडी घेण्यापूर्वी फेरी मारताना नेमके काय पाहावे?

पूर्ण जोर लावून पाहण्याआधी अगदी कमी वेगाला, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, पेडल थोडेसे दाबून गाडी किती सरकते हे पाहावे. रोजचा नव्वद टक्के प्रवास याच पट्ट्यात होतो, आणि येथे ती उड्या मारत असेल तर वरचा आकडा कितीही आकर्षक असला तरी ती दमवणार. मग मोकळा, कायदेशीर रस्ता मिळाल्यास ताशी ६० वरून १०० पर्यंत वेग घेऊन पाहावा, शक्य असल्यास मागे माणसे बसवून. वळणातून बाहेर पडताना हळूहळू पेडल दाबल्यावर गाडी त्याच मार्गावर राहते की बाहेर ओढली जाते, हेही ध्यानात घ्यावे. शक्य झाले तर हीच फेरी ओल्या रस्त्यावर पुन्हा मारावी, कारण कोरड्या रस्त्यावर अडीचशे आणि चारशेची गाडी सारखीच सोपी वाटू शकते.